बंडीतलं बूच

पिटकॅरोत पोहता येणारं एकही माणूस नव्हतं, आणि गावाला त्याचा अभिमान होता. टे नदी दारातून वाहायची, गावाच्या चुली तिच्याच माशांवर पेटायच्या, पण पाण्यात हातपाय मारायला शिकणं म्हणजे नदीला डिवचणं, असं आमच्याकडे सगळे धरून चालायचे. पोहणाराही बुडतो, फक्त जरा जास्त वेळ लावतो, असं म्हातारे सांगायचे. सांगताना त्यांच्या तोंडावर असं काही समाधान असायचं, की नदी त्यांना विचारूनच कुणाला न्यायची की काय असं वाटावं.

एल्सपेथ गीकी याच गावात जन्मली, याच गावात जाळी सांधत म्हातारी झाली, आणि आयुष्यभर नदीला घाबरली. घाबरायचे सगळेच. हिची भीती तोंडावर दिसायची, एवढाच काय तो फरक.

ती भीती तिला आईकडून मिळाली. जाळी ओढायच्या काठापासून घरांपर्यंतची वाट दगडी फरसबंदीची, आणि कोळ्यांच्या मांडीपर्यंतच्या चामडी बुटांना खाली खिळे ठोकलेले. भरतीचं काम संपवून माणसं वर येऊ लागली की तो आवाज घराघरात ऐकू यायचा. एल्सपेथची आई बटाटे सोलत दारात बसलेली असायची आणि बूट वाजले की तिची सुरी थांबायची. नवऱ्याची चाल ऐकू आली की सुरी पुन्हा चालू. एल्सपेथ सहा-सात वर्षांची असताना एकदा ती थांबलेली सुरी चाललीच नाही. माणसं दाराशी येऊन टोप्या काढायच्या आधीच आई उठून आत गेली होती. त्या दिवसापासून तो कान एल्सपेथला लागला. रस्त्यावरून कोण चाललंय हे ती आतूनच सांगायची. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. तिला मात्र असा कान वैऱ्यालाही नको वाटायचा.

एवढं असून तिने लग्न केलं ते रापणीवरच्याच, म्हणजे काठावरून जाळं ओढणाऱ्या टोळीतल्याच माणसाशी. पण पिटकॅरोत लग्नाजोगे होते ते रापणीवरचे, नाहीतर पाद्री, आणि पाद्र्याला बायको होती. वॉटी गीकी बारकेला, अबोल, डावी टाच किंचित घासत चालणारा. ती घासणारी टाच गर्दीतही वेगळी ऐकू यायची. एल्सपेथने त्याला नक्की कशासाठी पसंत केलं असं कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर हेच होतं.

तिचं काम काठावरच्या हिरवळीत. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत होड्या नदीत अर्धगोल मारून जाळं टाकायच्या, काठावरचे लोक हाताने आणि लोखंडी रहाटाने ते ओढायचे, आणि फाटलेली जाळी एल्सपेथच्या पुढ्यात येऊन पडायची. ती सांधायची आणि वरच्या दोरीला बुचाचे गोळे नव्याने बांधायची. दिवसभर हाताखालून बूच जायचं. समोर बघावं तर मांडीपर्यंतच्या बुटांत उभी माणसं. ते बूट एकदा पाण्याने भरले की वर आणायला रहाट लागला असता. जाळं बुडू नये म्हणून बूच बांधायचं, आणि माणसाला काही नाही, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत तो तोंडातून निघून गेला.

होडीचा तांडेल, म्हणजे टोळीचा म्होरक्या, होता गॅव्हिन डफ. दांडगा माणूस, हसला की हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. त्याची बायको मेरन एल्सपेथच्या शेजारी बसून जाळी सांधायची. "अगं एल्सपेथ," तो म्हणाला, "बूच बाटलीला लावतात. वॉटी अजून उघडला नाही का तुझा?" सगळे खो खो हसले. वॉटीही हसला.

गॅव्हिनच्या होडीत माशाचं खरं नाव घ्यायचं नाही, ‘लाल मासा’ म्हणायचं. पाद्र्याचं तर नावच काढायचं नाही. कुणाच्या तोंडून चुकून गेलंच, तर सगळ्यांनी लगोलग होडीतल्या लोखंडाला हात लावायचा. एकदा खालच्या बंदराकडून आलेला एक गडी जहाजावर वापरतात तसला बुचाचा पट्टा छातीला बांधून होडीत चढला. गॅव्हिनने वल्ही आडवी ठेवली आणि अख्खी टोळी काठावर जाऊन बसली. पट्टा किंवा तो, दोघांतलं एक काठावर राहील, असं त्याला सांगितलं. माणूस घाबरलाय हे नदीला कळलं की ती त्यालाच नेते, आणि शेजारच्यालाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो गडी पट्ट्यासकट गाव सोडून गेला.

त्यानंतर एल्सपेथ तोंडाने काही बोलली नाही. जाळ्यातून काढून टाकलेले चिरलेले बुचाचे गोळे ती ॲप्रनमध्ये घालून घरी आणू लागली. बटाट्याच्या सुरीने त्यांच्या पातळ चकत्या करायची आणि वॉटीच्या लोकरी बंडीच्या अस्तराआड शिवायची. आधी फक्त काखेखाली दोन. मग पाठीला. मग दर हिवाळ्यात आणखी काही, छातीवर, बटणांच्या पट्टीखाली, कॉलरमागे. बटणं शिंगाची, आणि ती जाळ्याच्या दोऱ्याने जाळ्याचीच गाठ मारून लावलेली. तसली गाठ बटणाला गावात दुसरं कुणी मारत नव्हतं. लोक म्हणायचे, लग्न मानवलं बरं वॉटीला, अंगावर मांस आलं. एल्सपेथ मान खाली घालून जाळं सांधत राहायची.

कारण आता भीती दुहेरी झाली होती. एक नदीची, ती होतीच. दुसरी, कुणी वॉटीच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला काही वेगळं लागलं तर? तो भिजून आला की ती बंडी त्याच्या अंगातून ओढूनच घ्यायची, आतल्या खोलीत वाळवायची, शेजारणीला हात लावू द्यायची नाही. वॉटीने कधी विचारलं नाही. माणूस भोळा आहे, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी डोंगरातला बर्फ एकदम वितळला. नदी तपकिरी होऊन काठाला घासत चालली होती, पण त्या पाण्याबरोबर मासाही आला होता आणि गॅव्हिन काही बसून राहणारा नव्हता. एल्सपेथ घरात ओटच्या भाकऱ्या तव्यावर टाकत होती. रहाटाचा कटकट आवाज खालून येत होता. तो मध्येच थांबला.

जाळं पुरं ओढून झालं की रहाट थांबायचा, पण तेव्हा सावकाश थांबायचा. हा तसा थांबला नव्हता. मग आरडाओरडा. नंतर कळलं ते असं, की वरून मुळांसकट वाहत आलेलं झाड जाळ्यात अडकलं आणि त्याने होडी आडवी करून उलटवली. एल्सपेथ धावत खाली गेली नाही. तव्यावरची भाकरी जळत होती आणि ती भिंतीला पाठ लावून कान देत उभी होती.

बऱ्याच वेळाने फरसबंदीवर बूट वाजले. तिने एकेकाची चाल ओळखली. हा थोरला मॅक्फी, हा त्याचा भाऊ, हा वाकड्या पायाचा. घासणारी टाच नव्हती. तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. नव्हती. ती खाली जमिनीवर बसली.

दार उघडलं आणि दोघा मॅक्फींनी वॉटीला आत आणलं. काखेत धरून उचलून आणला होता, बूट ओढून काढलेले, पाय जमिनीला लागत नव्हते. म्हणून चाल ऐकू आली नव्हती. तो जिवंत होता. चाल खरोखर ऐकू आली नव्हती ती गॅव्हिन डफची, आणि त्याची वाट बघत बसलेली मेरन डफ चार घरं पलीकडे होती. एल्सपेथला त्या क्षणी मेरनची आठवणही झाली नाही. आनंदाने तिला रडू फुटलं. पुढे ते रडू आठवलं की तिला स्वतःची शरम वाटायची.

माणसं गेल्यावर तिने त्याची बंडी उतरवली. पुढून वरचं बटण नव्हतं. नुसतं बटण नव्हे, त्याच्याखालचा कापडाचा तुकडा आणि त्यात शिवलेली बुचाची चकतीही फाटून गेली होती.

"कुठे अडकली?" तिने विचारलं.

"अडकली नाही. गॅव्हिनने धरली होती."

वॉटी चुलीकडे बघत सांगत गेला. होडी उलटली तसे दोघेही खाली गेले. हा आपोआप वर आला, गॅव्हिन याला धरून वर आला. क्षणभर दोघांचीही डोकी पाण्याबाहेर होती. मग दोघेही बुडाले, पुन्हा वर आले, पुन्हा बुडाले. बूच एका माणसापुरतं होतं.

"मग?"

"मग मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून. एका हाताची सुटली. दुसऱ्या हातात बटण राहिलं."

बुचाचं ठाऊक होतं का, एवढंच तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," वॉटी म्हणाला. "जूनच्या उन्हात लोकरी बंडी घालून वल्ही मारतो मी, का मारत असेन? काढून फेकता आली असती. नाही फेकली. गॅव्हिन शेजारी बसून भित्र्यांची टिंगल करायचा आणि मी त्याच्याबरोबर हसायचो."

त्या घटकेपासून एल्सपेथला नदीपेक्षा त्या बटणाची भीती वाटू लागली. शिंगाचं बटण, तिची गाठ आणि गाठीखाली बूच. नदीने ते नेलं असेल तर नेलं. नाहीतर ते गॅव्हिनच्या मुठीत होतं, आणि गॅव्हिन कुठेतरी पाण्याखाली होता. सापडलं तर वॉटीला कुठलीच टोळी घेणार नव्हती. घर रापणीच्या मालकांचं, तेही गेलं असतं. पण हे सगळं एकवेळ परवडलं असतं. बूच बांधून होडीत बसलेल्या एका माणसाने नदीला जागं केलं, मग तांडेलाचा हात झटकला आणि स्वतः वाचला, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत बसलं असतं. आणि ते खोटं आहे असं छातीवर हात ठेवून म्हणायची एल्सपेथचीही तयारी नव्हती. नदी माणसाची भीती ओळखते हे तिने लहानपणापासून ऐकलेलं होतं. ते मनातून इतक्या सहज थोडंच जाणार?

माणसं आकडे टाकून नदी चाळत होती. चर्चमध्ये पाद्र्याने गॅव्हिनचं शरीर सापडावं म्हणून प्रार्थना सांगितली. सगळं गाव डोळे मिटून तेच मागत होतं. त्या गर्दीत मेरनच्या मागच्याच बाकावर बसून एल्सपेथ मागत होती, की सापडू नये.

तो सापडला. खालच्या वाळूच्या पट्टीवर पाण्याने आणून टाकला. मृताला आंघोळ घालायला शेजारच्या बायका जातात, आणि कफन शिवायला एल्सपेथलाच बोलावतात, ही आमच्याकडची रीत. नाही म्हणायला काही निमित्त नव्हतं. सुईदोरा घेऊन ती चार घरं चालत गेली.

गॅव्हिन टेबलावर होता. डावा हात मोकळा. उजव्याची मूठ घट्ट मिटलेली. एल्सपेथने कफनाच्या कापडात डोकं घातलं, पण टाके कुठे पडत होते तिचं तिला कळत नव्हतं. बायकांनी पाय धुतले, छाती धुतली. एकीने उजवा हात हातात घेतला, तेव्हा मेरन पहिल्यांदाच बोलली. "तो मी धुते," ती म्हणाली. गरम पाण्याचं भांडं घेऊन तिने सगळ्यांकडे पाठ केली आणि त्या हाताशी बराच वेळ काहीतरी करत राहिली. वळली तेव्हा मूठ उघडी होती आणि मेरनचा चेहरा आधी होता तसाच होता. तिने हात ॲप्रनला पुसले. एल्सपेथने सुई बोटात घुसवून घेतली.

यानंतरचे दिवस काढणं फार कठीण गेलं. गॅव्हिनला माती दिली. मेरन कुणाशीच बोलत नव्हती, तेव्हा एल्सपेथशी बोलत नाही याला अर्थ होता की नव्हता, कोण सांगणार? दार वाजलं की एल्सपेथ हातातलं काम टाकून उठायची. दारात कुणी पीठ मागायला यायचं, कुणी निरोप द्यायला. विहिरीवर दोन बायका बोलायच्या थांबल्या की तिला वाटायचं, कळलं यांना. वॉटी नदीवर जात नव्हता. तिच्याशेजारी बसून जाळी सांधायचा, आणि दोघंही एकमेकांशी जाळ्यापलीकडे काही बोलत नव्हती.

मग टोळीतून निरोप आला. नवी होडी आलीय, सोमवारी पाण्यात उतरवायची, वॉटीने तांडेल व्हावं. आणि गॅव्हिनच्या जागी वल्ह्यावर त्याचा मुलगा निनियन बसेल. म्हणजे मेरनचा मुलगा वॉटीच्या शेजारी. नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं, आणि कारण एकच होतं. वॉटी हो म्हणाला. शनिवारी दुपारी त्याने खिळ्यावरची फाटकी बंडी काढून एल्सपेथच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, की यातलं सगळं बूच काढून टाक. त्या पोराशेजारी मी हे घालून बसणार नाही. एवढं बोलून तो बाहेर निघून गेला.

एल्सपेथने कात्री घेतली. काखेखालची पहिली शिवण तिने लग्नानंतरच्या हिवाळ्यात घातली होती. कात्रीचं टोक तिने टाक्याखाली घातलं. पुढे हात जाईना. कापलं तर सोमवारपासून तो इतरांसारखाच दगडासारखा बुडणार. नाही कापलं तर तो घालणार नाही. ती तशीच बसली होती, आणि दार न वाजवता मेरन डफ आत आली.

मेरनने मांडीवरची उसवायला काढलेली बंडी पाहिली, अस्तराच्या फटीतून दिसणारं बूच पाहिलं. मग स्वतःच्या काखेतली एक बंडी काढून टेबलावर ठेवली. गॅव्हिनची होती, निनियनच्या मापाने लहान केलेली. ॲप्रनच्या खिशातून तिने बटण काढलं आणि बंडीच्या शेजारी ठेवलं. कापडाचा तुकडा आणि बुचाची चकती त्याला अजून लटकत होती.

"हे तुझं," ती म्हणाली.

एल्सपेथने टाक्याखालचं कात्रीचं टोक बाहेर काढलं.

"त्याची मूठ उघडायला मला गरम पाणी लागलं. वॉटीने थंड पाण्यात कशी सोडवली गं?"

"एकेक बोट करून," एल्सपेथ म्हणाली. खोटं बोलायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

मेरनने मान हलवली, तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं अशी. ती खुर्चीवर बसली.

"इतकी वर्षं शेजारी बसून जाळी सांधली आपण," ती म्हणाली. "एक दिवस माझ्या कानात सांगितलं असतंस. मला काय शिवता येत नाही?"

"तू गॅव्हिनला सांगितलं असतंस."

मेरनने विचार केला. "सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि तो हसला असता. आणि तुझ्या नवऱ्याला होडीतून उतरवलं असतं." निनियनची बंडी तिने एल्सपेथकडे सरकवली. "यात घाल. दोघांना पुरेल इतकं घाल."

"दोघांना पुरत नाही, मेरन. कितीही घातलं तरी एका बंडीत दोघांना पुरत नाही."

"मग ती कात्री खाली ठेव," मेरन म्हणाली, "आणि दोन्ही बंड्यांत घाल."

रविवारी सुईला हात लावायचा नाही, हा नियम दोघींनाही पाठ होता. म्हणून शनिवारीच, उजेड होता तोवर, दोघी खिडकीशी बसून शिवत राहिल्या. मेरनला बुचाच्या पातळ चकत्या काढता येईनात, तेव्हा एल्सपेथने सुरी कशी धरायची ते दाखवलं. शिंगाचं बटण तिने वॉटीच्या बंडीला जागच्या जागी लावलं, त्याच गाठीने. परत आलेल्या वॉटीने टेबलाशी मेरनला पाहिलं आणि दारातच थांबला. मेरनने वर न बघता त्याला बसायला सांगितलं.

सोमवारी रहाट वाजत होता तेव्हा मेरन आपल्या घरी थांबली नाही. एल्सपेथच्या दारात बटाटे घेऊन बसली. नदी उतरली होती, पण दोघींपैकी कुणीही तिकडे बघत नव्हतं. रहाट सावकाश थांबला. मग खालून फरसबंदीवर बूट वाजू लागले आणि मेरनची सुरी थांबली. तिला चाली ओळखता येत नव्हत्या. तिने एल्सपेथच्या तोंडाकडे पाहिलं.

एल्सपेथ एकेक चाल मोजत होती. थोरला मॅक्फी. त्याचा भाऊ. वाकड्या पायाचा. मग घासणारी टाच, आणि तिच्यामागे एक जड चाल, गॅव्हिनसारखी, फक्त जरा हलकी.

"आहे," एल्सपेथ म्हणाली. मेरनने बटाट्याला सुरी लावली. बटाटा हातात तसाच धरून ती पुढचा आवाज ऐकत राहिली, दाराशी दोघे दिसेपर्यंत.